तेविसावी चिठ्ठी

बावीस.

तिने पुन्हा मोजल्या. बावीसच. मुलं तेवीस आणि पालकांच्या परवानगीच्या चिठ्ठ्या बावीस. मैदानाबाहेर बस धूर सोडत उभी होती, ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न बडवत होता, आणि स्काउट-गाईड पथकाच्या डोंगर-सहलीला निघायच्या ऐन वेळी एक चिठ्ठी कमी!

"कोण आहे हा महाभाग?" ती शिट्टीवाल्या काकांवरच उखडली. काका म्हणजे पथकाचे दुसरे प्रमुख. तेही तिच्यासारखेच पालक, पथकातल्या एकाचे बाबा. "दहा दिवस घसा कोरडा केलाय मी. ग्रुपवर चार वेळा टाकलं. स्वतःचं पोर डोंगरावर पाठवायचंय आणि एक सही करायला होत नाही यांना?"

"अहो ताई, असेल कुणी कामात."

"कामात! आणि आपण काय इथे माश्या मारतोय?"

तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आठवडाभर औषधांच्या दुकानात उभं राहून डॉक्टरांची किरटी अक्षरं लावायची आणि सुट्टीच्या दिवशी ही फौज सांभाळायची. सुटलेल्या गाठी, हरवलेल्या बाटल्या, खरचटलेले गुडघे. बाकीचे आईबाप पोरांना फाटकाशी सोडून जे पळायचे ते थेट संध्याकाळी उगवायचे. वर्षापूर्वी कुणीच प्रमुख व्हायला तयार होईना, पथक बंद पडायची वेळ आली, तेव्हा हिने हात वर केला. त्या निमित्ताने लेकीबरोबर चार घटका मिळतील, एवढाच तिचा स्वार्थ होता. पण प्रमुखाची मुलगी म्हणून लाड होतात असं कुणी म्हणायला नको. म्हणून पहिल्याच दिवशी तिने लेकीला बजावलं, इथे आई नाही, ताई म्हणायचं. अहो-जाहो करायचं. आणि तुझा नंबर सगळ्यांच्या शेवटी. नऊ वर्षांच्या त्या पोरीने वर्षभर हे सगळं निमूट पाळलं होतं.

"बास झालं!" ती मुलांसमोर खड्या आवाजात म्हणाली. "मी नाव घेईन त्याने बसमध्ये चढायचं. जो उरेल त्याच्या आईला इथूनच फोन लावते. अशी झापते की जन्मभर लक्षात राहील."

मग ती एकेक चिठ्ठी वाचत गेली आणि एकेक जण उड्या मारत बसमध्ये चढत गेला. बाविसावी चिठ्ठी संपली. मैदानाच्या पायरीवर पाठीला सॅक लावून एकच मुलगी उरली.

तिचीच.

"तू?" ती पायरीपाशी गेली. "अगं, तुझी चिठ्ठी कुठाय?"

लेकीने खिशातून कागद काढला. घड्या पडून पडून तो अगदी मऊ झाला होता. नाव, वय, रक्तगट, सगळं तिने स्वतःच्या गोल अक्षरात भरलं होतं. सहीची जागा तेवढी कोरी होती.

"तीनदा आणली होती मी," ती म्हणाली. "दर वेळी तुम्ही म्हणालात, थांब जरा, आधी बाकीच्यांचं होऊ दे."

आईला आठवलं. त्यातल्या एका वेळी तर ती फोनवर कुणाच्या तरी आईला चिठ्ठीचीच आठवण करून देत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने तिने पर्समधून पेन काढलं.

"दे बाळा इकडे. पटकन सही करते."

लेकीने कागद पाठीमागे नेला. बसच्या खिडक्यांतून सगळी पोरं माना बाहेर काढून बघत होती.

"सही नंतर, ताई. आधी माझ्या आईला फोन लावा ना," ती म्हणाली. "माझं ती ऐकतच नाही. तुमचं तरी ऐकेल."