हाताखालच्या दोघी

"गाड्यांचे ब्रेक तपासायचं हे काम तुमच्याशिवाय कोणालाच येत नाही, एवढंच सांगा, मॅडम. त्यावरच व्हिसा मिळतो," असं कंपनीच्या वकिलानं वृंदाला बजावलं होतं.

पण व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या अमेरिकन अधिकाऱ्यानं विचारलं, "तुम्ही अमेरिकेतल्या शाखेत गेल्यावर इथले ब्रेक कोण तपासणार?"

"माझ्या हाताखालच्या दोघी. मीच तयार केलंय त्यांना," वृंदा कौतुकानं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"मग त्यांच्यातलीच एक जाऊ दे की."

वकिलाचं वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. वृंदा ताठ उभी राहिली. "त्या उत्तम तपासतील, साहेब. पण त्यांना घडवलं तसं तिकडच्यांना घडवायला मीच हवी."

अधिकाऱ्यानं हसून व्हिसासाठी तिचा पासपोर्ट ठेवून घेतला. "आमची माणसं शिकायला जरा हळू आहेत हं."

"मग मुदत जरा जास्त द्या," वृंदा म्हणाली.