खालचा कापूस

कूलरमधलं पाणी संपलं आणि पंप खरखरला. तेव्हा कुठे घरात काही आवाज झाला. अर्ध्या तासापासून सासरा आणि सून एकाच कागदाकडे बघत बसले होते.

प्रतीक्षाने उठून कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या. अकोल्यातला जून, उन्हाळा काही हटायचं नाव घेत नव्हता. कोपऱ्यात पाच वर्षांची जुईली पाटीवर 'जु' काढत बसली होती, एकाखाली एक. आपल्या नावाचं पहिलं अक्षर कालच तिला जमलं होतं.

कागदावर दोन रकाने होते. डावीकडे कर्ज: पुण्याला अर्थशास्त्रात एम. ए., दोन वर्षं, आठ लाख. मग दहा वर्षं महिन्याला साडेबारा हजारांचा हप्ता. उजवीकडे शिकून झाल्यावरची कमाई: महिना अठ्ठावन्न हजार. सध्या शिकवणी वर्गात तिला नऊ हजार मिळत होते. नवऱ्याची, किशोरची, सही झाली होती. पोरगी दोन वर्षं आजी-आजोबांकडे राहील, हेही ठरलं होतं. आता बँकेला जामीनदार म्हणून सासऱ्यांची, भगवंतरावांची, सही हवी होती.

"हे अठ्ठावन कुठून आनले?" भगवंतरावांनी चष्मा वर केला.

तिने कॉलेजचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. आठ हसरे चेहरे, खाली सरासरी पगार.

"वर्गात पोरं किती?"

"चाळीस, मामाजी."

"अन् फोटो आठ!"

भगवंतरावांनी एकतीस वर्षं अकोटच्या जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवली होती. गाडी उभी राहिली की बाही सारून कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि तळातली मूठ ओढून काढायची. वरून चांदीसारखा आणि खाली पाणी मारलेला, अशा कितीतरी गाड्या त्यांनी परत धाडल्या होत्या.

"वरचा कापूस पाहून म्या कधी भाव केला नाई, पोरी. तू अर्थशास्त्र शिकाले चालली अन् वरूनच पाहून राह्यली? फोटोत नाई अशी एखादी शोध."

प्रतीक्षा ओशाळली. एखाद-दुसरा मोठा आकडा सरासरीला वर ओढून नेतो, हे अकरावीच्या पोरांना ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत असे.

फोटोत नसलेली एक तिला ठाऊक होती. वलगावची आरती, दोन वर्षांपूर्वी तिथूनच शिकून निघालेली. होस्टेलची सगळी माहिती तिनेच दिली होती.

"पण पगार कसा विचारू, मामाजी? बरं दिसत नाही."

"कापसाचा भाव विचाराले लाजतो का आपन? लाव फोन. मोठ्यानं लाव, मलेबी आयकू दे."

आरतीला मात्र लाज वाटली नाही. "पहिले सहा महिने घरीच होते, ताई. मग सव्वीस हजारांवर लागले. आता एकेचाळीस."

"हप्ता भरून भागतं?"

"मोजून-मापून. डबा मी घरूनच नेते."

प्रतीक्षाने आणखी एक विचारलं. "पस्तावा होतो का गं?"

"होतो ना. हप्त्याच्या दिवशी होतो." आरती हसली. "बाकी एकोणतीस दिवस नाही होत. आता ऑफिसात कोणी आकडे मांडले, की सगळे आधी माझ्याकडे बघतात."

प्रतीक्षाने फोन ठेवला. भगवंतरावांचा अंगठा तर्जनीवर फिरत राहिला, जणू चिमटीत कापूस होता आणि ते त्याचा धागा ओढून बघत होते.

"आखूड हाय," ते अखेर म्हणाले. "पन तुटत नाई."

त्यांनी पेन उचललं, अठ्ठावन्नावर काट मारली आणि तिथे सव्वीस लिहिले. मग बँकेचा फॉर्म ओढून घेतला आणि जिनिंगच्या पावतीवर करत तशीच सावकाश, पूर्ण नावाची सही केली. पेन सुनेपुढे धरलं.

"घे. आता खरं लिवलं. हे खरं पाहूनबी जावंसं वाटते का?"

"वाटतं, मामाजी." तिला वाटलं होतं त्यापेक्षा उत्तर मोठ्याने निघालं.

त्या आवाजाने जुईली पाटी टाकून आली. आईच्या मांडीवर चढून तिने कागदावर बोट ठेवलं आणि डावा रकाना वरून खाली पाहिला. मग उजवा. पुन्हा डावा.

"आई, याच्यात माहा जु कुठंच नाई," ती म्हणाली. "मले कोनत्या बाजूले लिवशील?"