बेचाळीस फोन

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी फोनच्या यादीवर बोट आपटलं. "परदेशी वकिलातीला बेचाळीस फोन! कोणती गुपितं विकलीत, हिंगमिरे?"

नोकरीच जायची वेळ आली, तेव्हा उपसचिव हिंगमिरेंनी खरं काय ते सांगून टाकलं. "दिलं काही नाही, साहेब, नुसतं विचारलं. माझ्या बदलीची फाईल कुठे अडकलीय, ते आपल्या खात्यात कुणालाच ठाऊक नाही. तिकडे लगेच कळतं."

अध्यक्षांनी उठून दार लावलं. "आमच्या समितीची मुदत काल संपली. मुदतवाढीची फाईल कुठंय, विचारा बरं."

हिंगमिरेंनी फोन लावला. "आज सकाळीच सही झाली म्हणे. शिवाय माझं अभिनंदन करताहेत. तुमच्या अहवालात मी निर्दोष सुटलोय."

"अहो, अहवालाचं अजून एक अक्षर लिहिलेलं नाही!"

हिंगमिरेंनी फोनवर हात धरला. "त्यांच्याकडे प्रत आहे, साहेब. मागवू?"