दोन्हीकडून

"दोन्हीकडून खाता तुम्ही, अका," मी घरांचे दलाल नुसरतअका यांना म्हटलं; मानाच्या पुरुषाला आम्ही अका म्हणतो. घर विकणाऱ्याकडूनही दलाली आणि घेणाऱ्याकडूनही, ही आमच्या मर्गिलान गावची रीतच. पण माझ्या घराच्या किमतीतून ती वजा केली, तर मला कोकंदला लेकीजवळ खोली मिळणार नव्हती. घर घेणारी मावजुदाही रडवेली झाली होती. किंमत देऊन तिच्याजवळ काही उरत नव्हतं. सौदा मोडायलाच आला.

नुसरतअका तिला अंगणात घेऊन गेले, काहीतरी बोलले आणि माझ्यापाशी आले. "तुमच्या वाटची दलाली ती भरतेय, आपा. पण तिच्याकडे विषय काढू नका, बिचारी लाजेल."

त्याच दिवशी खरेदीखत लिहून झालं.

नव्या घरात कुराण वाचून पुलाव घालतात, त्याला मावजुदानं मला कोकंदहून बोलावलं. माझा गुरुवारचा रोजा होता, तो तिच्याच खजुरावर सोडला. राहवेना म्हणून हळूच म्हटलं, "पोरी, माझी दलाली तू भरलीस. रोज नमाजानंतर तुझ्यासाठी दुआ मागते."

ती गोंधळली. "मी? माझी तर तुम्ही भरलीत ना, आपा? अकाच म्हणाले, बोलून दाखवू नकोस, त्यांना आवडायचं नाही."

आम्ही दोघी पुलावाच्या पराती घेऊन उठलो. पलीकडे नुसरतअका जेवायला बसले होते. मी त्यांच्यापुढे एका बाजूनं पुलाव वाढला, मावजुदानं दुसऱ्या बाजूनं.

"अहो, पुरे, पुरे!"

"खा, अका," मी म्हटलं. "आज तरी दोन्हीकडून खा."