गुलाबी शाई

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला त्याच दुपारी मी तिचा फोटो छापायला घेतला. चेहरा हिरवट आला. शेजारचा फोटोग्राफर भेटायला आला होता. तो म्हणाला, "गुलाबी शाई वाळली. वहिनी प्रिंटरचं शाई सोडणारं हेड काढून कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यावर ठेवायच्या. मीच शिकवलं होतं." "कधी?" "तुम्ही ड्युटीवर असताना. हसायच्या, म्हणायच्या, भावजी, हा प्रिंटरही आमच्या ह्यांच्यासारखाच, नाक पुसल्याशिवाय कामाला लागत नाही." हा विनोद तिने मला कधीच ऐकवला नव्हता. त्याने प्रिंटरचं झाकण उघडलं. "राहू द्या, माझं मी बघतो," म्हणत मी ते आपटून बंद केलं. तोच हिरवट फोटो चौकटीत बसवला. मुलगी म्हणते, "बाबा, आई अशी आजारी का दिसते?" फडकं धुऊन ठेवलंय, पाणीही कोमट करून झालं. पण युक्ती त्याची. हेड काढायचं अजून राहिलंय.