अडखळणारी बाग

मेहुण्याने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, आत तोंड घातलं आणि दणकून फुंकर मारली. करड्या धुळीचा लोट उठून टेबलभर बसला. मग पंख्यात बोट घालून त्याने मळाचा गोळा खरवडून काढला आणि ते बोट खिडकीच्या पडद्याला पुसलं.

पडदा शिंप्याने स्वतः शिवलेला होता. पण गरज त्याची होती, म्हणून त्याने पडद्याची मळकी कड नुसती आत दुमडली.

"भावोजी, हे मशीन आहे की उकिरडा? ताईने कधी फडकं मारलं नव्हतं वाटतं."

"ती गेल्यापासून मी आत हात घातला नाही. फक्त तिचा खेळ उघडून बघतो रोज. आता तोही उघडेना."

तिच्या खेळात एक घर होतं, घराला अंगण, आणि अंगणभर तिने एकेक करून लावलेली फुलं. मशीनला ती झेपायची नाहीत.

मेहुण्याने झाकण लावलं, खुर्चीत अंग टाकलं. बऱ्याच खटपटीनंतर एकदाचं अंगण दिसलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा होता : नऊ.

"नऊ! सेकंदाला नऊ चित्रं! गोगलगाय बरी हो. साठ तरी हवीत."

"साठ नकोत. उघडत राहिलं तरी पुरे."

"तुम्ही चहा टाका. मी बघतो."

शिंप्याने आधण ठेवलं. बाहेरून माऊसची टकटक आणि मेहुण्याची शीळ ऐकू येत होती. "सावल्या बंद! गवत बंद!" तो स्वतःशीच ओरडत होता. मग म्हणाला, "हां, हा सापडला खरा चोर." शिंपी चहा गाळत होता. कोण चोर, ते त्याने विचारलं नाही.

कप घेऊन तो आला तेव्हा कोपऱ्यात साठचा आकडा होता. आणि अंगण पुसून काढल्यासारखं तपकिरी, सपाट.

"फुलं कुठे आहेत?"

"उडवली. तीच तर सगळं गिळत होती. मशीनला एकेक पाकळी रंगवावी लागते, माहितेय? ताईलाही काही उद्योग नव्हता."

"परत आण."

"जुन्यावरच सेव्ह केलं ना मी. आता कुठली परत?" मेहुण्याने कप उचलला. "तोंड काय पाडताय? हे तरी बघा!"

त्याने बटण दाबलं. खेळातली पिवळ्या झग्यातली बाई फाटकातून आत आली आणि गुळगुळीत चालीने निघाली. तेल लावल्यासारखी ती चाल बघून शिंप्याला शिसारी आली. तरी तो पुढे वाकला. मधे विहीर होती. तिथे फुलं सगळ्यात दाट असायची, आणि तिथे पोचलं की चित्र हटकून अडकायचं. मग बायको माऊसवरचा हात काढून घ्यायची आणि म्हणायची, "बघू दे तिला जरा. आपल्याला कुठे घाई आहे?"

बाई विहिरीवरून सरळ पुढे गेली.

"इथे ती थांबायची," शिंपी म्हणाला.

"आता कुठ्ठेच थांबणार नाही!"

मेहुण्याने फुर्रकन चहा ओढला. मिशीला चिकटलेली साय बोटाने निपटली, बोट चाटलं आणि तेच पुन्हा बटणावर ठेवलं. बाई कुंपणाला जाऊन टेकली. त्याने बोट काढलं नाही. कुंपणाकडे तोंड करून ती तिथल्या तिथे पाय टाकत राहिली, एकदाही न अडखळता.