विहिरीजवळचं पिंप

पिंपात कोबी होता. दोन गड्डे आणि एक मेणबत्ती. दुपारची वेळ, चष्म्यांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. संगणकासमोर बसलेले चष्मेवाले एकटेच खुदकन हसले.

"कोबी काय, वेडाबाई!" असं म्हणत त्यांनी गड्डे आपल्या खेळातल्या पिशवीत टाकले. काल त्याच पिंपात त्यांनी लांडग्याच्या कातड्याचे बूट ठेवले होते. त्या लांडग्यानं त्यांना किती वेळा लोळवलं याला गणती नव्हती. आता बूट जागेवर नव्हते. म्हणजे धाकटीनं ते नेले होते.

पिंप, ते ज्या गावात होतं ते गाव, सगळं संगणकावरच्या खेळातलंच होतं. बाहेर जंगलं, किल्ले, राक्षस, आणि पाय नेतील तिकडे भटकायची मोकळीक. धाकटी बहीण समुद्रापलीकडे राहायची, तिची मुलगी मात्र नोकरीसाठी इकडेच होती. मामाला आणि आईला या खेळात ओढलं ते या पोरीनं. "बोलू नका हवं तर," ती दोघांना म्हणाली होती, "पण निदान एका गावात तरी राहा." विहिरीच्या अलीकडे मामाचं घर, पलीकडे आईचं. दुसऱ्याच्या घरात शिरायचं तर त्यानं आपण होऊन किल्ली द्यावी लागायची. दोघांनीही दिली नव्हती.

अबोला या दोघा भावंडांच्या आईच्या कपाटावरून होता. आई गेली आणि चष्मेवाल्यांनी धाकटी पोचायच्या आत कपाट रिकामं केलं, कपडे वाटून टाकले, फळ्यासुद्धा पुसून घेतल्या. तिला ते बघून त्रास नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. ती आली, तिनं कपाट उघडलं आणि पुसलेल्या फळ्यांकडे बघत उभी राहिली. "आता या घरात माझं काय उरलंय?" एवढं म्हणून गेली ती गेलीच. त्यानंतर फोन नाही की निरोप नाही. दोघांचाही राग नाकावर, आणि आधी कोणी बोलायचं हा प्रश्न तर लहानपणापासूनचा.

लहानपणी भांडण झालं की दोघं मिठाची गुळणी धरून बसायची. मग कोणीतरी दारातल्या रिकाम्या दुधाच्या बरणीत हळूच काहीतरी ठेवायचं. एखादी गोटी, अर्धा खडू, चोरून आणलेला पेरू. दुसऱ्यानं ते न बोलता उचललं की भांडण मिटायला लागायचं. म्हणून खेळातल्या त्या विहिरीजवळचं लाकडी पिंप पाहिलं आणि चष्मेवाल्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही. दोन देशांच्या वेळा उलट्या, त्यामुळे खेळात ती कधी भेटत नसे. पण ते काहीतरी ठेवायचे आणि ते नाहीसं व्हायचं. बदल्यात कोबी, मेणबत्ती, कधी फुटका पेला. अलीकडे गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा बसवतानाही ते शीळ घालायचे.

त्या दुपारी भाची चष्म्याची तुटलेली दांडी घेऊन आली. मामा पडद्यावर पिंपापाशी वाकलेले होते. या वेळी चांदीची बासरी ठेवत होते.

"मामा, पिंपात कशाला ठेवताय? तुम्हाला घरात पेटी दिलीय ना!"

"पेटीतलं तिला कसं मिळणार?"

"आणि पिंपातलं तरी कसं मिळेल? अहो, खेळातला दिवस म्हणजे आपला जेमतेम तास. तिथं उजाडलं की गावातली सगळी पिंपं आपोआप साफ होतात. आणि खेळच त्यात परत काहीबाही भरतो, कोबी, मेणबत्त्या असलं. टिकतं ते फक्त आपल्या घरातल्या पेटीत."

चष्मेवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी हातातली दांडी उगाच उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे ती येतच नव्हती," ते म्हणाले.

"ते नाही मला माहीत. आई खेळते की नाही, मला सांगत नाही. तुम्हीच विचारा ना तिला."

"अगं, मला वाटलं, आमचं बोलणं चालू आहे."

आयुष्यात एवढं एकटं त्यांना धाकटी निघून गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. कारण तेव्हा राग तरी सोबतीला होता. आता रागही कधीच ओसरून गेलेला, आणि त्याच्या जागी काहीच नाही. धाकटीची आठवण त्यांना कधी नव्हे एवढी आली. मग त्यांनी भाचीपुढे हात केला आणि तिचा फोन मागून घेतला.

तिकडे भल्या पहाटेची वेळ असणार, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. स्पीकरवर बराच वेळ घंटी वाजली.

"काय गं, एवढ्या पहाटे?" झोपाळू आवाज आला.

"मी बोलतोय. दादा."

फोन ठेवते की काय या भीतीनं चष्मेवाले घाईनं म्हणाले, "ठेवू नकोस. आईच्या कपाटाचं मला..."

"दादा, ते राहू दे रे आता," धाकटी मधेच म्हणाली. "आधी मला सांग, तो लाल कोट झाला का तुला? परवा पिंपात ठेवला होता बघ. खांद्यात घट्ट होईल अशी धाकधूक होती मला, पण सकाळी बघते तर तू नेलेला. इतकं बरं वाटलं!"

भाचीचं तोंड उघडलं. चष्मेवाल्यांनी हातानं तिला गप्प केलं.

"अंगावरच आहे," ते म्हणाले.